पँट शिवायची आहे: मास्तरांकडे की मोबाइलवर?

काही जणांना रेडिमेड पँट कधी धड बसतच नाही. कंबरेला बसणारी मांडीला आवळते, मांडीला मोकळी घ्यावी तर कंबरेत मागून हात आत जातो, आणि उंची तर दर वेळी कापून घ्यावीच लागते. अशांना दोन रस्ते आहेत: गल्लीतले टेलर मास्तर, नाहीतर माप भरून घेऊन पँट घरपोच पाठवणाऱ्या साइट. नोकरीनिमित्त सोलापुरात नव्यानं आलेले, किंवा इथलेच पण आजवर जीन्सपलीकडे न गेलेले, अशांनी सुरुवात कशी करावी ते सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली पँट मास्तरांकडेच शिवा. ऑनलाइनला माझा विरोध नाही, पण तिथं तुमची मापं तुम्हीच द्यायची असतात आणि पहिल्यांदा शिवणाऱ्याला नेमकी तीच ठाऊक नसतात. मास्तर टेप अंगावर लावतात, चुकलं तर समोर उभं करून खडूनं खूण करतात. अशी एक पँट मनासारखी बसली की तुमचं माप तयार झालं. मग ती पँट समोर ठेवून कुठल्याही साइटवर ऑर्डर करा.

आधी कापड

चादर आणि टॉवेलचं हे गाव असलं तरी पँटपीस बहुतेक बाहेरून येतो. टेरी-रेयॉन (पॉलिस्टर आणि रेयॉनचं मिश्रण) सूटिंगचं मोठं केंद्र राजस्थानातलं भिलवाडा, डेनिमचं अहमदाबाद. आपल्याकडे मधला मारुती, चाटी गल्ली, फलटण गल्ली, नवी पेठ या पट्ट्यात फिरलात तरी हवं ते मिळतं. दुपारच्या उन्हात जाऊ नका. घामेजलेल्या बोटांना कापडाचा पोत नीट कळत नाही, आणि दुकानदारही त्या वेळी ताके उलगडायला नाखूश असतो.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या माणसाची पँट १.२० ते १.३० मीटरमध्ये होते. ३६ इंची पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. कंबर चाळीसच्या पुढे असेल, चौकडा असेल किंवा कॉर्डरॉयसारखं एका दिशेनं लव असलेलं कापड असेल तर जास्त घ्या. किती ते कापड फाडण्याआधी मास्तरांना फोन करून विचारा. पाच इंच कमी पडले म्हणून आतल्या पट्टीला वेगळंच कापड लावलेल्या पँटा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. रोजच्या वापराला कॉटन, लिनन किंवा कॉटन जास्त असलेलं टेरीकॉट (पॉलिस्टर-कॉटनचं मिश्रण) घ्या. टेरी-रेयॉनला इस्त्री छान राहते, पण बंद गाडीतून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत रोज जाणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. 'प्युअर कॉटन आहे' यावर विश्वास नसेल तर कडेचे दोन धागे ओढून काडीनं पेटवून बघा. कॉटनचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतात. मोबाइलच्या पडद्यावरून हे काहीच कळत नाही, तिथं फोटोतला माणूस देखणा असतो एवढंच.

कॉटन आणि लिनन शिवण्याआधी भिजवून घ्या. साध्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, इस्त्री करून मग मास्तरांकडे न्यायचं. नळाला पाणी येईल त्या दिवसाचा बेत ठेवा, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. न भिजवलेली कॉटन पँट पहिल्या धुण्यात उंचीला आखूड होते आणि दोष मास्तरांच्या माथी जातो. 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असलेलं कापड कारखान्यातच आटवून आलेलं असतं, तिथं ही कसरत सोडली तरी चालेल.

मास्तरांपुढे उभं राहताना

घट्ट जीन्स घालून माप द्यायला जाऊ नका. पातळ कापडाची पँट घाला, खिसे रिकामे करा, आणि नव्या पँटवर जे बूट घालणार तेच पायात असू द्या. मोबाइल खिशात ठेवायची सवय असेल तर तसं तोंडानं सांगा, म्हणजे खिसा खोल कापला जाईल.

मग प्रश्न येतो: 'फिटिंग ठेवू की लूज?' इथं नवखा माणूस 'मिडियम' म्हणून मोकळा होतो आणि मग पँट येते ती मास्तरांच्या मनातल्या मिडियमची. त्यापेक्षा एकेक माप बोलून घ्या.

कंबर म्हणजे पँट जिथं बांधता ती जागा. पोट असलेल्यांनी हे आधी ठरवावं: बेंबीजवळ बांधणार की पोटाखाली? दोन्हींत दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो, आणि आसनही बदलतं (त्याचं पुढे सांगतो). सीट म्हणजे बसायच्या भागाचा सगळ्यात रुंद घेर. तिथं अंगापेक्षा दोन-अडीच इंच जास्त ठेवले की आरामात बसता येतं. दीड इंचावर आणलं की दिसायला चापचोप, पण मोटरसायकलवर टांग टाकताना शिवण ताणते. मांडी, गुडघा आणि मोहरी (पायाचं खालचं तोंड) हे पुढचे तीन घेर. मोहरी चौदा सांगताना पूर्ण गोल चौदा की सपाट ठेवून सात, हे दोघांना एकच कळलंय ना ते बघा. फॉर्मल पँटला गोल चौदा ते सोळा बरी दिसते. त्याहून खाली गेलात तर टाच आत शिरते का, ते आधी पाहून घ्या.

आता आसन. पँट बसते किंवा बिघडते ती इथं. दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून बेल्टपर्यंतची, म्हणजे पँटच्या कंबरपट्टीपर्यंतची ही खोली. बरेच मास्तर ती वेगळी मोजत नाहीत, सीटच्या मापाच्या चौथ्या हिश्श्यावरून अंदाजानं काढतात. सरासरी बांध्याला ते चालून जातं. पण पोट पुढे आलेलं असेल, किंवा सीट अगदी सपाट नाहीतर भरलेली असेल, तर हिशोब चुकतो. आसन कमी पडलं की बसताना मागचा बेल्ट खाली सरकतो आणि शर्ट बाहेर येतो. जास्त झालं की पुढे ढगळ पोती लोंबते. म्हणून सरळ म्हणा, 'मास्तर, आसन वेगळं मोजा.' कडक खुर्चीवर ताठ बसायचं आणि कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूनं टेप लावायचा, एवढं सोपं आहे ते. तुमची जुनी, बसायला सगळ्यात सुखाची पँट बरोबर नेलीत तर आणखी उत्तम. आसन हिच्यासारखं आणि मोहरी नव्या फॅशनची, असं सांगता येतं.

मापं वहीत लिहून झाली की पान फिरवून स्वतः वाचा आणि फोटो काढा. आपल्याकडे मास्तर गिऱ्हाइकाशी मराठीत, कारागिराशी तेलुगूत आणि शेजारच्या दुकानदाराशी हिंदीत किंवा कानडीत बोलत असतात. त्या गडबडीत कारागिरापर्यंत पोचतो तो वहीतलाच आकडा.

मापाव्यतिरिक्त एवढं ठरवा: चुण्या हव्यात की साधी पुढची बाजू, खिसे क्रॉस की सरळ, मागे एक खिसा की दोन, बेल्टला बक्रम (आतलं ताठ कापड) कडक की मऊ, आणि खिशाचं कापड सुतीच. शेवटचं विसरू नका. सिंथेटिक खिसा उन्हाळ्यात मांडीला चिकटतो, आणि किल्ल्यांनी लवकर फाटतोही.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती माया. शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. मागच्या मधल्या शिवणीत वरच्या बाजूला एक-दीड इंच आणि मोहरीला आत दोन इंच दुमडलेलं ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी कंबर वाढली तर तीच पँट उसवून दीड-दोन इंचांनी सैल होते. रेडिमेडमध्ये आणि बऱ्याच ऑनलाइन पँटांमध्ये ही माया अगदी जेमतेम असते. तिथं पँट लहान होत गेली की ती धाकट्या भावाची.

वायदा नीट घ्या. 'शुक्रवारी या की, रेडी ठेवतो' याचा अर्थ शुक्रवारी फोन करा, एवढाच धरा. लग्नसराई, दिवाळी आणि ईदच्या आधी, तसंच जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळी दुकानं तुंबलेली असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वज धरणाऱ्या मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या मशीनवर असतात, त्या पुढे तुमची पँट मागे पडणारच. एखाद्या दिवशी घालायचीच असेल तर त्या तारखेच्या आठवडाभर आधीचा दिवस मास्तरांना सांगा, आणि पावतीवर तारीख घ्या. शिलाई किती, त्यात चेन, हुक, अस्तर धरलंय का, आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतात का, हेही त्याच वेळी विचारायचं.

ट्रायल

शर्टाला नाही, पण पँटला ट्रायल मागाच. मास्तर कुरकुरतील. निदान मोहरी न दुमडता आणि मागची शिवण कच्च्या टाक्यांवर ठेवून घालून बघतो म्हणा. त्यात कुणाला फार काम पडत नाही.

घातल्यावर आरशापुढे नुसतं उभं राहू नका. खुर्चीवर बसा, वाका, दुकानाची पायरी चढा. मग सुरकुत्या बघा. चेनच्या खाली दोन्ही बाजूंना आडव्या रेषा ओढल्यासारख्या दिसत असतील तर सीट किंवा मांडी घट्ट आहे. बाजूचे खिसे कानासारखे बाहेर येत असतील तरी तेच. सीटच्या खाली मागे कापडाच्या झोळ्या पडत असतील तर मागचं आसन जास्त झालंय. पुढची इस्त्रीची घडी गुडघ्याच्या मधोमध खाली उतरायला हवी. ती पायाभोवती वळत गेली तर कापड उभ्या धाग्यात कापलेलं नाही, आणि ते पुढे कुठल्याही दुरुस्तीनं सुटत नाही. बाकी सगळं मायेत सुटतं. उंचीची खूण बूट घालूनच करा, आणि दोन्ही पायांना वेगवेगळी. पुष्कळांचा एक पाय अर्धा इंच कमी-जास्त असतो.

ही पहिली पँट आठ-दहा वेळा घालून, दोनदा धुऊन बघा, मगच त्या मापावर दुसरी टाका. एकदम चार पीस देऊन यायची घाई नको.

आता मोबाइलवर

साइट मापं तीन प्रकारांनी घेतात. काही ठिकाणी उंची, वजन, वय आणि 'पोट कसं आहे' असले प्रश्न विचारून अंदाज बांधतात. काही ठिकाणी अंगाची मापं भरायची. काही ठिकाणी तुमच्या चांगल्या पँटची मापं. तिसरा प्रकार असेल तर तोच निवडा. आणि फॉर्म भरण्याआधी ते अंगाचं माप मागतायत की तयार पँटचं, हे दोनदा वाचा. ऑनलाइन पँट चुकते ती बहुतेक वेळा इथंच. अंगाच्या रकान्यात पँटचं माप टाकलं की ते त्यावर आणखी ढील धरतात आणि तंबू घरी येतो. उलट केलं तर मांडीतून वर चढत नाही.

रेडिमेडच्या लेबलवरचा आकडा भरू नका. ३४ लिहिलेल्या कित्येक पँटा टेपवर ३५-३६ भरतात; गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून कंपन्या आकडा लहान ठेवतात. इंच की सेंटिमीटर तेही बघा. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या थोडं वर.

पँट मोजायची रीत अशी. धुतलेली, इस्त्री केलेली पँट फरशीवर किंवा टेबलावर पसरा. पलंगावर नको, गादी दबून माप चुकतं. चेन आणि हुक लावा. बेल्टची पुढची आणि मागची कड एका रेषेत आणा, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ही कंबर. चेन संपते त्या उंचीवर आडवं मोजून दुप्पट, ही सीट. चारही शिवणी जिथं मिळतात तिथून पुढच्या बाजूनं बेल्टच्या वरच्या कडेपर्यंत, हे पुढचं आसन. तिथूनच मागून वर, हे मागचं आसन. मागचं पुढच्यापेक्षा तीन ते पाच इंच जास्त भरायला हवं, नसेल तर टेप कुठंतरी घसरलाय. शिवणीच्या मिळणीपासून इंचभर खाली आडवं मोजून दुप्पट केलं की मांडी. शेवटी गुडघा, मोहरी, आणि आतल्या शिवणीची लांबी. सगळं एकदा मोजून बाजूला ठेवा, चहा घेऊन पुन्हा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

कापडाचे नमुने पाठवत असतील तर थोडे पैसे गेले तरी मागवा. मोबाइलवरचा नेव्ही ब्लू घरी येईपर्यंत काळा झालेला असतो. पँटच्या लांबीच्या रकान्यात दोन इंच जास्त मागा, किंवा मोहरी न दुमडता पाठवायला सांगा; तेवढं काम इथले मास्तर बसल्या बसल्या करून देतात.

पैसे भरण्याआधी परतीच्या अटी उघडून वाचा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. मापानं शिवलेला कपडा परत घेत नाही असं बहुतेकांचं म्हणणं असतं. चांगल्या साइट पहिली पँट बसली नाही तर फुकट पुन्हा शिवून देतात किंवा दुरुस्तीचे पैसे देतात. अशी सोय लिहून दिलेली नसेल तर पुढे जाऊ नका. किमतीत कर धरलाय का तेही बघा: सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे २४५० ची आणि २६०० ची पँट यांत दिसतो त्यापेक्षा बराच जास्त फरक पडतो.

पाकीट आलं की उघडताना व्हिडिओ घ्या. धुऊ नका, लेबल काढू नका. आधी टेप लावून ऑर्डरमधल्या आकड्यांशी ताडून बघा आणि मगच पाय घाला. अर्धा इंच इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त असेल तर टेप लावलेला फोटो काढून त्याच दिवशी तक्रार टाका. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत, त्यानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माल सदोष असेल किंवा सांगितल्याप्रमाणे नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही, मग तो मापाचा असो वा नसो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र पँट तुम्ही भरलेल्या आकड्यांप्रमाणेच आली असेल आणि तरी बसत नसेल, तर हे नियम उपयोगाचे नाहीत. पुन्हा शिवून देण्याची अट होती का, एवढाच प्रश्न उरतो.

कुठलं काम कुणाकडे

फॉर्मल पँट, लग्नाची पँट, टेरीवूल, लिनन: मास्तर. अवघड बांधा, एक पाय आखूड, पाठीच्या पट्ट्यावर घालायची पँट: मास्तरच, दुसरा विचार नको. जाड डेनिमची जीन्स साध्या टेलरिंगच्या मशीनवर नीट होत नाही, सुई मोडते आणि रिबिटंही नसतात; ती ऑनलाइन किंवा रेडिमेड. लायक्रा असलेलं ताणाचं कापडही सगळ्या मास्तरांना जमत नाही, कापताना ओढलं गेलं की शिवण लाटा मारते. आणि गणवेश करणारे कारखाने गावात भरपूर आहेत म्हणून तिथं एका पँटसाठी जाऊ नका, त्यांचं गणित थोकात असतं.

सोलापूर सोडून पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना ऑनलाइन जास्त सोयीचं पडेल. पण गड्ड्याला किंवा दिवाळीला घरी येता तेव्हा मास्तरांकडून एक पँट जरूर करून न्या, मापाला तीच कामी येते.

पँट घेताना उरलेलं कातरण, एक जादा बटण आणि शक्य असेल तर त्याच रंगाचा थोडा दोरा मागून घ्या; कातरण खिसा फाटला की लागतं. मापाच्या फोटोवर तारीख टाका. पाच-सहा किलो वजन इकडेतिकडे झालं तर कंबर, सीट आणि मांडी नव्यानं घ्यायची. पोट नव्यानं सुटलं असेल तर आसनही. आतली लांबी, गुडघा आणि मोहरी तीच ठेवा.